सी भाषेत तारीख-वेळ मजकुरात बदलताना चूक कुठे शिरते

महिना एकाने मागे. वर्षाच्या जागी १२५. वेळ साडेपाच तास मागे. दोन वेगळ्या तारखा छापायला दिल्या तरी दोन्ही सारख्याच. किंवा तारखेच्या जागी नुसतंच रिकामं. सी भाषेत तारीख आणि वेळ मजकुरात बदलताना याच तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. अशा वेळी बहुतेक जण फॉरमॅटच्या ओळीशी झटापट करत बसतात. बहुतेक वेळा ती ओळ ठीक असते आणि चूक तिच्या आधीच झालेली असते.

वेळेचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार) मोजलेल्या सेकंदांचा आकडा, म्हणजे टाइम_टी. दुसरा त्याचे सुटे भाग, म्हणजे स्ट्रक्ट टीएम: वर्ष, महिना, दिवस, तास वगैरे. तिसरा त्या भागांपासून बनलेला मजकूर, आणि हे काम स्ट्रएफटाइम करतं. चूक शोधायची तर तिन्ही टप्पे वेगवेगळे छापून बघा. आकडा लाँग लाँगमध्ये कास्ट करून छापा. स्ट्रक्टमधले सगळे भाग साध्या पूर्णांकासारखे छापा, त्यांत काही मिळवू नका. मजकूर चौकोनी कंसात छापा, म्हणजे नको असलेली नवी ओळ किंवा मोकळी जागा डोळ्यांना दिसेल, आणि शेजारी स्ट्रएफटाइमने परत केलेली संख्याही छापा. या तीन ओळींत दोषाचा पत्ता लागतो.

तपासायला आत्ताची वेळ वापरू नका. १७०००००००० हा दहा अंकी आकडा वापरा. यूटीसीत तो १४ नोव्हेंबर २०२३, २२:१३:२० होतो आणि भारतीय वेळेत १५ नोव्हेंबर २०२३, बुधवार, ०३:४३:२०. दोन्हींत तारीखच वेगळी असल्यामुळे टाइमझोनचा घोळ लगेच उघडा पडतो. शिवाय मिनिटं ४३ आहेत, म्हणून महिन्याच्या जागी चुकून मिनिटं आली तर ४३ वा महिना दिसतो. सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी चाचणी घेतली तर हीच चूक नोव्हेंबर म्हणून खपून जाते.

(फॉरमॅटच्या संकेतांत मोठं अक्षर आणि छोटं अक्षर यांचे अर्थ वेगळे आहेत, म्हणून पुढे दर वेळी मोठा वाय, छोटा एम असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्येकाच्या आधी टक्क्याचं चिन्ह येतं हे गृहीत धरा.)

आकडाच चुकीचा असेल तर

१ जानेवारी १९७०, ०५:३०:०० छापलं गेलं तर आकडा शून्य आहे: टाइम_टीमध्ये काही भरलंच नाही, किंवा फाइलमधून वाचताना ते रिकामं आलं. ०५:२९:५९ आलं तर आकडा उणे एक आहे. म्हणजे एमकेटाइम (सुट्या भागांपासून आकडा बनवणारं) किंवा टाइम (आत्ताचा आकडा देणारं) या फंक्शनने अपयश कळवलं होतं आणि ते न तपासता पुढे छापलं गेलं. १९७० सालच्या पहिल्या काही तासांतली किंवा दिवसांतली तारीख येत असेल आणि मशीन रीबूट केल्यावर ती पुन्हा १ जानेवारीवर जात असेल, तर क्लॉक_गेटटाइमला क्लॉक_रिअलटाइमऐवजी क्लॉक_मोनोटॉनिक दिलेलं आहे. लिनक्सवर ते घड्याळ मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद मोजतं. किती वेळ गेला हे मोजायला ते उत्तम, तारखेसाठी निरुपयोगी.

वर्ष पंचावन्न हजारांच्या पुढचं आलं तर सेकंदांऐवजी मिलिसेकंद दिले गेले आहेत. जावास्क्रिप्टमधून किंवा जावातून आलेल्या आकड्यांत हे हमखास होतं. अंक मोजा: सध्याच्या काळात सेकंद दहा अंकी, मिलिसेकंद तेरा, मायक्रोसेकंद सोळा, नॅनोसेकंद एकोणीस. अठरा अंकी आकडा विंडोजवरून आला असेल तर तो बहुधा फाइलटाइम असतो, म्हणजे १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांची मोजणी. त्याला एक कोटीने भागा आणि ११६४४४७३६०० वजा करा, मग तो नेहमीचा आकडा होतो.

जुन्या ३२ बिटी बोर्डांवर आणखी एक अडचण आहे. तिथे टाइम_टी ३२ बिटी असेल तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार ०८:४४:०७ नंतर आकडा उलटून उणे होतो आणि तारीख १९०१ सालात जाते. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काढणाऱ्या प्रोग्रामला ही मर्यादा आजच आडवी येते. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३४ पासून ३२ बिटी मशीनवरही _टाइम_बिट्स आणि _फाइल_ऑफसेट_बिट्स या दोन्ही मॅक्रोंना ६४ ही किंमत देऊन कंपाइल केलं की टाइम_टी ६४ बिटी होतो. पण मग प्रोग्राममध्ये कुठे टाइम_टी साध्या लाँगच्या संकेताने छापला असेल तर तिथे कचरा दिसायला लागेल. म्हणूनच वर लाँग लाँगमध्ये कास्ट करायला सांगितलं.

महिना एकाने मागे, वर्ष १२५, वार कायम रविवार

स्ट्रक्ट टीएममधले भाग एकाच पद्धतीने मोजलेले नाहीत आणि सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. टीएम_इयर म्हणजे १९०० नंतरची वर्षं, म्हणून २०२५ साठी तिथे १२५ असतात. टीएम_मॉन शून्यापासून सुरू होतो: जानेवारी ०, डिसेंबर ११. टीएम_एमडे, म्हणजे महिन्यातला दिवस, मात्र एकपासून सुरू होतो. टीएम_डब्ल्यूडेमध्ये रविवार ० आणि शनिवार ६. टीएम_वायडे, म्हणजे वर्षातला दिवस, पुन्हा शून्यापासून. स्ट्रएफटाइम वापरलं तर हा हिशेब ते स्वतः करतं. भाग हाताने प्रिंटएफला दिले तर वर्षात १९०० आणि महिन्यात १ मिळवणं तुमच्याकडे आलं. कोणी वर्षाआधी १९ हा मजकूर चिकटवला असेल तर २०२५ चं १९१२५ होतं. जुन्या प्रोग्रामांत १ जानेवारी २००० ला १९१०० दिसलं ते याच कारणाने.

हाताने भरलेल्या स्ट्रक्टमध्ये वार चुकतो, कारण स्ट्रएफटाइम वार काढत नाही. टीएम_डब्ल्यूडेमध्ये जे असेल तेच नाव ते छापतं. १५ ऑगस्ट १९४७ साठी वर्ष ४७, महिना ७, दिवस १५ भरून, बाकी सगळं शून्य ठेवून छापलं तर वार रविवार येतो. खरा वार शुक्रवार होता. उदाहरण म्हणून महाराष्ट्र दिनाची १ मे १९६० ही तारीख घेतली तर चूक सापडणारच नाही, कारण तो दिवस खरोखरच रविवार होता.

यावर उपाय असा आहे. स्ट्रक्ट आधी पूर्ण शून्य करा, हवे ते भाग भरा, टीएम_आयएसडीएसटीमध्ये (उन्हाळी वेळ चालू आहे का हे सांगणारा भाग) उणे एक ठेवा, आणि छापण्याआधी त्या स्ट्रक्टवरून एमकेटाइम एकदा चालवा. एमकेटाइम वार आणि वर्षातला दिवस स्वतः भरतं. तारीख यूटीसीतली असेल तर एमकेटाइम नको, कारण ते आतले भाग स्थानिक वेळेचे आहेत असं समजतं. यूटीसीसाठी लिनक्स आणि बीएसडीवर टाइमजीएम आहे, जे आता सी२३ मानकातही आलं आहे. विंडोजवर _एमकेजीएमटाइम. विंडोजचं एमकेटाइम १९७० आधीच्या तारखांना उणे एक परत करतं, त्यामुळे जन्मतारखांसाठी त्यावर विसंबू नका.

स्ट्रक्ट शून्य न करता भाग भरले तर टीएम_आयएसडीएसटीमध्ये मेमरीतला कचरा राहतो. महाराष्ट्रात बसून याचा त्रास सहसा जाणवत नाही, कारण इथे उन्हाळी वेळ नाही. तोच प्रोग्राम लंडन किंवा न्यू जर्सीत चालवला की कधी कधी वेळ एका तासाने सरकते आणि ती फक्त काही महिनेच सरकत असल्यामुळे कारण सापडत नाही.

एमकेटाइम आणखी एक काम न सांगता करतं: अशक्य तारीख सरळ करून घेतं. ३१ एप्रिल भरा, १ मे परत मिळेल. वापरकर्त्याने टाकलेली तारीख खरी आहे का हे बघायचं असेल तर एमकेटाइमआधीचे दिवस, महिना, वर्ष बाजूला ठेवा आणि नंतर तुलना करा. एकही बदलला असेल तर तारीख अस्तित्वात नाही. महिना मिळवतानाही हेच घडतं. ३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला की ३१ फेब्रुवारी होते आणि तिची ३ मार्च. हप्त्याच्या तारखेला फेब्रुवारीचा शेवटचा दिवस हवा असेल तर महिना मार्चचा ठेवून टीएम_एमडे शून्य करा. मार्चची शून्यावी तारीख म्हणजे फेब्रुवारीचा अखेरचा दिवस, लीप वर्ष असो वा नसो.

सीमधला एक सापळा इथेच सांगायला हवा. तारखेला ०८ किंवा ०९ अशी किंमत थेट कोडमध्ये लिहिली तर कंपायलर अडतो, कारण शून्याने सुरू होणारा आकडा सीमध्ये आठाच्या पद्धतीचा असतो आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०१० लिहिलं तर तक्रार येत नाही, पण त्याची किंमत १० नसून ८ असते. ती जास्त वाईट चूक.

दोन तारखा, पण दोन्ही सारख्याच

आकड्यापासून स्थानिक वेळेचे भाग लोकलटाइम काढतं, यूटीसीचे जीएमटाइम. एकाच प्रिंटएफमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ लोकलटाइमने काढून छापली की हे होतं. लोकलटाइम नवं स्ट्रक्ट देत नाही. आतल्या एकाच कायमस्वरूपी जागेचा पॉइंटर देतं आणि दुसऱ्या वेळी बोलावल्यावर त्याच जागेवर नवे आकडे लिहितं. जीएमटाइम, एएससीटाइम आणि सीटाइम यांचंही तसंच. प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड असतील तर एका थ्रेडची वेळ दुसऱ्याच्या नोंदीत उमटते, आणि हा दोष भार वाढल्यावरच दिसतो.

आपलं स्वतःचं स्ट्रक्ट देऊन लोकलटाइम_आर किंवा जीएमटाइम_आर वापरा. विंडोजवर लोकलटाइम_एस आहे. तिथे क्रम उलटा आहे: आधी स्ट्रक्ट, मग आकडा. सी११ च्या परिशिष्टातल्या त्याच नावाच्या फंक्शनात आधी आकडा येतो. दोन्ही ठिकाणी चालणारा कोड लिहायचा असेल तर हा फरक एका छोट्या फंक्शनात कोंडून ठेवा आणि बाकी सगळीकडून तेच बोलवा.

लोकलटाइम_आर वापरल्यावर प्रोग्राम कोसळायला लागला तर कंपायलरची सूचना वाचा. शिस्तीच्या सी११ पर्यायाने कंपाइल केलं की हेडर हे फंक्शन लपवतं. जुना जीसीसी (ग्नूचा सी कंपायलर) मग नुसती सूचना देऊन ते पूर्णांक परत करतं असं धरून चालतो आणि ६४ बिटी पॉइंटर अर्धा कापला जातो. सगळ्या हेडरच्या आधी _पॉसिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९एल असा ठेवा, किंवा ग्नू११ पर्याय वापरा. जीसीसी १४ पासून ही सूचना उरली नाही, थेट चूक म्हणून कंपाइल थांबतं, आणि ते बरंच झालं.

परत आलेला पॉइंटर नल आहे का तेही तपासा. वर्ष पूर्णांकात मावत नसेल तर लोकलटाइम नल देतं.

साडेपाच तासांचा आणि अकरा तासांचा फरक

फरक किती आणि कोणत्या दिशेला, यावरून कारण ओळखता येतं. वेळ साडेपाच तास मागे असेल तर यूटीसीच छापलं जात आहे: लोकलटाइमऐवजी जीएमटाइम वापरलं आहे किंवा मशीनला टाइमझोन माहीतच नाही. वेळ साडेपाच तास पुढे असेल तर कोणीतरी आकड्यात १९८०० सेकंद हाताने मिळवले आहेत आणि वर लोकलटाइमने आणखी एकदा. अकरा तास मागे असेल तर टीझेड या पर्यावरण-चलात आयएसटी+५:३० लिहिलेलं आहे. पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या) या लिखाणात चिन्ह उलटं असतं: पूर्वेकडच्या वेळेला उणे. भारतासाठी ते आयएसटी-५:३० असं हवं. त्यापेक्षा एशिया/कोलकाता हे नाव देणं चांगलं.

कंटेनरमध्ये हा त्रास सगळ्यात जास्त. लहान आकाराच्या इमेजमध्ये टीझेडडेटा हे टाइमझोनच्या फाइलींचं पॅकेज बहुधा नसतं. मग टीझेडमध्ये एशिया/कोलकाता लिहूनही जीलिबसीला ती फाइल सापडत नाही, ते गुपचूप यूटीसी वापरतं आणि टाइमझोनच्या नावाच्या जागी एशिया एवढंच छापतं. मोठ्या झेडच्या संकेतातून आयएसटीऐवजी एशिया आलं की दुसरं काही शोधू नका, टीझेडडेटा बसवा.

प्रोग्राम चालू असताना टीझेड बदलत असाल तर त्यानंतर टीझेडसेट बोलवा. लोकलटाइम ते स्वतः करतं, पण लोकलटाइम_आरवर तशी सक्ती नाही.

१९८०० हाताने मिळवण्याचा मोह टाळाच. सर्व्हरचा टाइमझोन कोणी नीट केला की तोच उपाय नवा दोष होतो. भारताची वेळही कायम +५:३० नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे होती, आणि टीझेडडेटामध्ये त्याची नोंद आहे. १९४३ सालची जन्मतारीख मध्यरात्रीच्या वेळेसह साठवली आणि ठरावीक +५:३० ने उलट फिरवली तर ती आदल्या रात्रीच्या अकरावर येते, म्हणजे तारीख एका दिवसाने मागे. जन्मतारखेला वेळ नसतेच. ती टाइम_टीत साठवू नका, दिवस-महिना-वर्ष असे तीन आकडे ठेवा.

मजकूर रिकामा किंवा अर्धवट

स्ट्रएफटाइमला जागा कमी पडली तर ते शून्य परत करतं आणि त्या वेळी बफरमध्ये काय आहे याची कसलीही हमी नसते. एसएनप्रिंटएफसारखं मावेल तेवढं लिहून थांबणं त्याच्याकडे नाही. दिवस-महिना-चार अंकी वर्ष ही तारीख दहा अक्षरांची, पण शेवटच्या नल चिन्हासकट अकरा बाइट लागतात. दहाचा बफर घेतला की रिकामं किंवा कचरा.

याचं आणखी फसवं रूप फंक्शनमध्ये दिसतं. बफर पॅरामीटर म्हणून आला आणि आत साइझऑफ लावलं तर बफरचा नव्हे, पॉइंटरचा आकार मिळतो: ६४ बिटी मशीनवर ८. तास-मिनिटं एवढंच छापताना पाच अक्षरं आठात मावतात म्हणून सगळं ठीक वाटतं. तारीख जोडली की बंद पडतं. आकार वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा. आणि फंक्शनच्या आतला स्थानिक ॲरे परत करू नका. फंक्शन संपलं की ती जागा गेली, मग कधी तारीख दिसते, कधी कचरा.

सीटाइम आणि एएससीटाइम नव्या कोडमध्ये वापरूच नका. ते शेवटी नवी ओळ जोडतात, त्यामुळे लॉगमधली प्रत्येक नोंद दोन ओळींत तुटते. फॉरमॅट बदलता येत नाही. एएससीटाइमची आतली जागा २६ बाइटची धरलेली आहे, आणि वर्ष ९९९९ च्या पुढे गेलं की मानकाच्या लेखी काहीही होऊ शकतं. सी२३ ने दोन्ही कालबाह्य ठरवली आहेत.

फॉरमॅटच्या ओळीतल्या चुका

छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. मोठा एच चोवीस तासांचा, मोठा आय बारा तासांचा. छोटा एच मात्र तास नाहीच, ते महिन्याचं संक्षिप्त नाव आहे. मोठा आय वापरला तर छोटा पी जोडायलाच हवा, नाहीतर दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन सारखेच दिसतात. वरच्या चाचणीच्या आकड्यात ४३२०० मिळवून पाहा: १५:४३:२० यायला हवं. जर्मनसारख्या काही लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा-देशानुसारची मांडणी) छोटा पी रिकामा येतो, म्हणून यंत्राने वाचायच्या मजकुरात नेहमी चोवीस तासांचीच वेळ ठेवा.

मोठा डी ही अमेरिकी पद्धत आहे: महिना, दिवस, दोन अंकी वर्ष. ५ ऑगस्ट त्यात ०८/०५ होतं आणि आपल्याकडे कोणीही ते ८ मे असं वाचेल. पावतीवर, अर्जावर हा संकेत कधीच नको.

सगळ्यात लपून बसणारी चूक मोठ्या जीची. मोठा वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, मोठा जी म्हणजे आयएसओ आठवड्यांचं वर्ष. वर्षभर दोन्ही सारखेच असतात, फक्त वर्षाच्या काठावरचे काही दिवस वेगळे. ३१ डिसेंबर २०२४ हा आयएसओ हिशेबात २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पडतो, म्हणून मोठ्या जीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ अशी छापली जाते. उलट १ जानेवारी २०२७ हा २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात आहे, त्यामुळे तिथे एक वर्ष मागे. मोठा जी फक्त मोठ्या व्हीसोबत, म्हणजे आठवड्याच्या क्रमांकासोबतच वापरायचा.

छोटा झेड +०५३० देतो, मध्ये कोलन नसतं. अनेक एपीआय +०५:३० मागतात आणि कोलनविना तारीख नाकारतात. मजकूर तयार झाल्यावर शेवटचे दोन अंक एक जागा पुढे सरकवून मध्ये कोलन घाला. नलसुद्धा पुढे सरकवायचा हे विसरू नका आणि बफरमध्ये एक बाइट जास्त ठेवा. पूर्ण मजकूर २५ अक्षरांचा होतो, म्हणजे किमान २६ बाइट. हा संकेत हाताने भरलेल्या स्ट्रक्टवर वापरला तर जीलिबसीमध्ये +०००० येतं, कारण फरकाचा आकडा स्ट्रक्टमध्येच असतो आणि तुम्ही तो शून्य केलेला असतो. इथेही आधी एमकेटाइम.

जुन्या विंडोज रनटाइममध्ये, आणि त्यावर बसलेल्या मिनजीडब्ल्यूमध्ये (विंडोजवरच्या जीसीसीत), मोठा एफ, मोठा टी हे सी९९ चे संकेत चालत नाहीत. ते व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून आले. मोठा वाय, छोटा एम, छोटा डी असं सुटं लिहिलं की सगळीकडे चालतं. ग्नूमधला टक्क्यानंतर वजा लावून पुढचं शून्य काढणारा प्रकारही तसाच, दुसरीकडे त्याची खात्री नाही.

जीसीसीला वॉल हा पर्याय दिला तर तो स्ट्रएफटाइमचा फॉरमॅटही तपासतो. फॉरमॅटची पातळी २ केली तर दोन अंकी वर्षाबद्दलही बजावतो. पण फॉरमॅट थेट अवतरणात लिहिलेला असेल तरच. चलातून आला तर कंपायलरला काही दिसत नाही.

मिलिसेकंद

स्ट्रएफटाइमला सेकंदाच्या खालचं काही कळत नाही. क्लॉक_गेटटाइम किंवा टाइमस्पेक_गेट एकदाच बोलवा. त्यातल्या सेकंदांवरून तारीख बनवा आणि नॅनोसेकंदांना दहा लाखांनी भागून येणारे मिलिसेकंद एसएनप्रिंटएफने मागे जोडा. सेकंद वेगळ्या टाइम फंक्शनने आणि अंश दुसरीकडून घेतला तर दोन हाकांच्या मध्ये सेकंद पालटतो आणि नोंद जवळजवळ एका सेकंदाने चुकते. रुंदी तीन अंक आणि पुढे शून्य भरणारा संकेत वापरा. नाहीतर सात मिलिसेकंद .००७ ऐवजी .७ छापले जातात, म्हणजे सातशे. जवळच्या पूर्णांकाकडे नेऊ नका, अपूर्णांक कापून टाका: ९९९.६ चं १००० झालं तर चार अंक छापले जातील.

मराठी महिने हवे असतील तर

नुसतं मोठं बी लिहून नोव्हेंबर येत नाही. प्रोग्राम सुरू होताना लोकेल सी असतो आणि नावं इंग्रजीच येतात. सेटलोकेलला एलसी_टाइम आणि एमआर_आयएन.यूटीएफ-८ द्या, आणि परत आलेलं नल नाही ना ते बघा. नल आलं तर मशीनवर मराठी लोकेल तयार केलेलं नाही. टर्मिनलमध्ये लोकेल आज्ञा वजा ए सह चालवून यादीत एमआर_आयएन आहे का पाहा. डेबियनच्या घराण्यातल्या लिनक्सवर लोकेल्स पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून ते तयार होतं. अल्पाइन लिनक्समध्ये मसल ही सी लायब्ररी असल्याने नावं इंग्रजीच राहतात.

लोकेल बदलला की तो पूर्ण प्रोग्रामला लागू होतो आणि इथे दुसरीकडे मोडतोड होते. एचटीटीपीच्या हेडरमधल्या तारखेत वार आणि महिना इंग्रजीतच लागतो, तिथे बुध आणि नोव्हें गेलं तर पलीकडचा सर्व्हर तारीख वाचू शकत नाही. जीटीकेसारखी लायब्ररी सुरू होतानाच लोकेल बदलते, त्यामुळे तुम्ही काही न करताही हे होऊ शकतं. म्हणून यंत्रासाठीच्या मजकुरात महिन्याचं नाव वापरू नका, आणि जिथे वापरावंच लागतं तिथे बारा इंग्रजी नावांचा स्वतःचा ॲरे ठेवा. खरं तर मराठीसाठीही बारा नावांचा ॲरे हाच जास्त भरवशाचा मार्ग आहे: लोकेल असो नसो, चालतो. त्यात टीएम_मॉन थेट क्रमांक म्हणून वापरा, एक न मिळवता.

जागेचा हिशेब मात्र बदला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार ही वेगळी चिन्हं मोजली जातात. फेब्रुवारी हा शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे तीस बाइट. इंग्रजी नावांसाठी ठेवलेला ३२ चा बफर दिवस आणि वर्ष जोडल्यावर अपुरा पडतो. १२८ ठेवा. प्रिंटएफची रुंदी बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे मराठी नावांचे रकाने सरळ रेषेत येत नाहीत, आणि बाइट मोजून मजकूर कापला तर शेवटी अर्धं तुटलेलं चिन्ह राहतं.

अंकही देवनागरी हवे असतील तर मजकूर तयार झाल्यावर एकेक बाइट पुढे जात नवा बफर भरा. इंग्रजी अंक दिसला की त्याजागी २२४, १६५ आणि १६६ अधिक तो अंक असे तीन बाइट लिहा, बाकी बाइट जसेच्या तसे. दहा अक्षरांच्या तारखेत आठ अंक असतात, म्हणून नवा मजकूर २६ बाइट अधिक नल, एकूण २७.

मायक्रोकंट्रोलरवरचं घड्याळ

डीएस१३०७ किंवा डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडल्यावर २५ तारखेच्या जागी ३७ आणि ५९ मिनिटांच्या जागी ८९ दिसत असतील तर चिप बिघडलेली नाही. तिचे रजिस्टर बीसीडीत असतात: वरचे चार बिट दशक, खालचे चार बिट एकक. वरच्या चार बिटांना दहाने गुणून खालचे मिळवा. त्याआधी नको असलेले बिट झाका. डीएस१३०७ मध्ये सेकंदांचा सर्वांत वरचा बिट घड्याळ थांबवण्याचा आहे, डीएस३२३१ मध्ये महिन्याचा सर्वांत वरचा बिट शतकाचा. तासांच्या रजिस्टरमध्ये बारा की चोवीस हे सांगणारा बिट असतो. मग स्ट्रक्ट भरताना महिन्यातून १ वजा, वर्षात १०० मिळवा. चिपचा वार १ ते ७ असतो आणि तो तुम्ही भराल तसाच पुढे मोजला जातो, म्हणून त्यावर न विसंबता एमकेटाइमकडून घ्या.

एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवरच्या एव्हीआर-लिबसी या लायब्ररीत टाइम_टीची सुरुवात १९७० ला नसून १ जानेवारी २००० ला आहे. तिथला आकडा संगणकाकडे पाठवताना ९४६६८४८०० मिळवला नाही तर सगळ्या तारखा तीस वर्षं मागे येतात.

बदल करून झाल्यावर या तारखा एकदा छापून बघा: १७०००००००० आणि त्यात ४३२०० मिळवून, २९ फेब्रुवारी २०२४, ३१ डिसेंबर २०२४, १ जानेवारी २०२७ पहाटे ०५:२९:५९ (यूटीसीत तेव्हा अजून २०२६ असतं), आणि १९ जानेवारी २०३८ सकाळी ०८:४४:०८. प्रत्येक तारीख एकदा टीझेड एशिया/कोलकाता ठेवून आणि एकदा अमेरिका/न्यूयॉर्क ठेवून. टाइमझोनच्या फाइलींत ते नाव इंग्रजीत आणि न्यू व यॉर्क या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहिलेलं असतं, जागा सोडली तर पुन्हा यूटीसीच मिळेल.